नियम सतरा आणि न वाकणारा सूर

नोटीस दारावर चिकटवलेली होती आणि ती वाकडी चिकटवलेली होती. गेजसाहेबांना पहिला संताप आला तो मजकुराचा नव्हे, त्या वाकडेपणाचा. त्यांनी आतून गुण्या आणि मोजपट्टी आणली, कागदाच्या कडेला लावून पाहिली, आणि उजवी बाजू चांगली साडेतीन मिलिमीटर उतरलेली आहे हे पेन्सिलीने कोपऱ्यात नोंदवले. मग चष्मा बदलून त्यांनी मजकूर वाचायला घेतला.

"अहो, नोटीस मोजताय काय, काय लिहिलंय ते तरी..." आतून त्यांच्या सौ. म्हणाल्या. पुढेही काही म्हणणार होत्या. त्यांनी त्यासाठी श्वासही घेतला. पण मग तो श्वास तसाच घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या.

गेजसाहेब हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती. भोक तपासण्यासाठी तिथे गेज नावाचा पोलादी दांडा असतो. त्याचे एक टोक भोकात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. दोन्ही गोष्टी घडल्या तर माल पास, नाहीतर भंगार. या चौतीस वर्षांत साहेब कामगारांशी मुख्यतः दोनच वाक्ये बोलले: "जातो" आणि "जात नाही". कामगारांनी ठेवलेले हे नाव पुढे सासुरवाडीने उचलले आणि अलीकडे तर पोस्टमनही त्याच नावाने हाक मारू लागला होता.

नोटिशीत लिहिले होते: "आपल्या सदनिकेतून रोज सकाळी कर्कश, हेतुशून्य व पुनरावर्ती ध्वनी येत असल्याची लेखी तक्रार प्राप्त झाली आहे. सबब नियम सतरा अन्वये येत्या रविवारी रहिवासी मंडळाच्या सभेत आपण वाद्याचे प्रात्यक्षिक द्यावे. सदर ध्वनी हे संगीत आहे असे सभेस न पटल्यास वाद्य मंडळाकडे कायमचे जमा करून घेण्यात येईल."

कर्कश, हेतुशून्य व पुनरावर्ती! गेजसाहेबांचे कान तापले. असली मस्तवाल विशेषणे कोणत्या गाढवाने लिहिली असतील, असे ते मोठ्याने म्हणणार होते. तेवढ्यात त्यांना आठवले की ती त्यांनीच लिहिली आहेत.

झाले होते असे. गेल्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "साहेब, तुमच्याइतका काटेकोर माणूस या इमारतीत दुसरा नाही. मंडळाची नियमावली तुम्हीच लिहा." स्तुतीला माणूस भुलतो, आणि काटेकोर माणूस काटेकोरपणे भुलतो. साहेबांनी अकरा दिवसांत एक्केचाळीस नियम लिहिले, वर तीन परिशिष्टे जोडली. नियम सतरा वाद्यांविषयी होता. त्यातली विशेषणे त्यांना नवी शोधावीही लागली नव्हती. ती त्यांनी आपल्याच एका जुन्या मेमोतून उचलली होती.

तो मेमो होता क्रेनवाल्याला दिलेला. कारखान्याच्या छताशी रुळांवर चालणारी मोठी क्रेन होती. तिच्या काचेच्या खोलीत बसून हा माणूस जेवणाच्या सुट्टीत माउथ ऑर्गन वाजवी. पूर्वी बंदरावर क्रेन चालवत असताना एका परदेशी खलाशाकडून तो ब्लूज नावाचा संगीतप्रकार शिकून आला होता. त्यात एक सूर असा होता की तो सरळ निघे आणि मध्येच गुडघ्यात मोडल्यासारखा खाली वाकत जाई, पण पडत मात्र नसे. तो वाकला की खाली गेजसाहेबांच्या हातातला मायक्रोमीटर आपोआप थांबे. तपासणी अधिकाऱ्याचा हात थांबणे ही गोष्ट कोणत्याच नियमात बसत नव्हती. म्हणून त्यांनी मेमो दिला आणि तो सूर बंद पडला.

निवृत्तीनंतर घरात शांतता आली आणि गेजसाहेबांच्या ध्यानात आले की आपला कान त्या मेमोपासून बावीस वर्षे तोच सूर पुन्हा येण्याची वाट पाहत आहे. तेवढा एक सूर स्वतःला काढता यावा. बाकी संगीताशी त्यांना काही कर्तव्य नव्हते.

साहेबांनी दहा भोकांचा माउथ ऑर्गन आणला, वहीला रेघा मारल्या आणि चार आठवड्यांचा कार्यक्रम आखला. सरळ सूर आठ दिवसांत बिनचूक येऊ लागले. तिसऱ्या भोकाचा तो वाकणारा सूर मात्र चार आठवडे झाले, आठ झाले, तरी वाकेना. ओढावे तर तो गजासारखा ताठ निघे, किंवा निघतच नसे. रोज सकाळी साडेदहा ते साडेअकरा साहेब खिडकीशी बसून त्या एका भोकाशी झटापट करीत, आणि त्यांचे नाक, कान व मान या क्रमाने लाल होत जाई.

इमारतीने यावर आपल्या परीने उपाय सुचवले. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटले की साहेबांना दमा झाला. त्यांनी यजमानांचे वाफारा घ्यायचे यंत्र वर पाठवून दिले. दूधवाल्याने दारात आवाज खाली आणून सौ.ना विचारले, "साहेबांचं आता कसं आहे?" समोरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी, स्वतः आयुष्यात शिट्टीही वाजवलेली नसताना, खुर्चीत ऐसपैस बसून निदान केले: "तुमची बैठक चुकतेय. कणा सरळ हवा." गेजसाहेबांचा कणा इतका सरळ होता की त्यावरून लोकांनी भिंतीचा ओळंबा धरावा. मॅनेजर गेल्यावर त्यांनी वहीत लिहिले, "सल्ला क्र. ९. निरुपयोगी. सल्लागारही."

शेवटी अभिमान खिशात घालून ते क्रेनवाल्याच्या घरी गेले. तो तीन गल्ल्या पलीकडे राहत असे.

"साहेब, तुम्ही? आणि हे?" क्रेनवाला इतका हसला की त्याला ठसका लागला.

"हसून झालं असेल तर हा सूर वाकत का नाही ते सांगा."

"ओढा बघू."

साहेबांनी ओढला.

"तुम्ही भोकातून हवा ओढताय, साहेब. नळीनं सरबत ओढतात तशी. अशानं नाही होणार. श्वास पोटात घ्यायचा, जीभ मागं आणि खाली. सूर गिळायला निघायचं, पण गिळायचा नाही. घशाशी अडकला पाहिजे."

"किती अंशात?"

"काय किती अंशात?"

"जीभ. मागे म्हणजे किती अंशात मागे?"

क्रेनवाल्याने हात जोडले. "साहेब, तेव्हा तुम्ही मला नोकरीवरून काढलं नाहीत, नुसतं गप्प केलंत. त्या उपकाराला स्मरून सांगतो. अंशबिंश विसरा."

पण तंत्रनिकेतनाच्या पदविकेत विसरण्याचा विषय नसतो. साहेबांनी दंतवैद्याकडचा छोटा आरसा मिळवला, तो तोंडात धरून जिभेचा कोन पाहू लागले, आणि पहिल्याच श्वासाला आरसा धुरकटला. मग त्यांनी सूर मोजायचे काट्याचे यंत्र विकत आणले आणि ते घेऊन पुन्हा क्रेनवाल्याकडे गेले. क्रेनवाल्याने डोळे मिटून तो सूर वाकवला. काटा एका खुणेवरून निघाला आणि दोन खुणांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत जाऊन थरथरत उभा राहिला.

"हा सूर चुकीचा आहे," गेजसाहेब म्हणाले.

"आहे."

"ना वरच्या खुणेवर, ना खालच्या. हे भंगार आहे!"

"आहे की."

"मग दुरुस्त का करत नाही तुम्ही?"

"दुरुस्त केला तर वाजवायचा कशाला?"

गेजसाहेब घरापर्यंत इतके रागाने चालले की वाटेत एका ओळखीच्या माणसाने त्यांना केलेला नमस्कार वाया गेला. चूक ती चूक, आणि वर तिचा हा तोरा! माणूस वाकत नसेल तर वस्तू वाकवावी, या विचाराने त्यांनी घरी येऊन माउथ ऑर्गनचे दोन स्क्रू काढले. आत प्रत्येक सुराची एकेक पितळी पट्टी असते. ती मुळाशी घासून पातळ केली की सूर उतरतो, हे कोणत्याही पदविकाधारकाला सांगावे लागत नाही. घरात बारीक कानस नव्हती. सौ.च्या खणात नखे घासायची होती, लग्नातली. त्या कानशीने तिसऱ्या भोकाची पट्टी त्यांनी घासली, पुन्हा घासली, आणि काटा त्या रिकाम्या जागेत अचूक आणून उभा केला. सूर उतरला, पण वाकला नाही. जन्मतःच बसका असलेला, आजारी, कायमचा कण्हणारा असा एक सूर तयार झाला. आणि कानशीचे टोक मोडले.

सौ. दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी कानशीकडे पाहिले, मग साहेबांकडे. छाती भरून श्वास घेतला. "राहू दे," असे हाताने दाखवून त्या आत गेल्या.

आता दुसरा माउथ ऑर्गन हवा होता, कारण साहेबांच्या मते मूळ दोष उत्पादनातलाच होता. दुकानदार म्हणाला, "तोंडाला लावलेला माल आम्ही परत घेत नाही."

"तोंडाला लावल्याशिवाय माउथ ऑर्गन तपासायचा कसा?"

"ते कंपनीला विचारा. हा फॉर्म भरा."

फॉर्मवर दोषाच्या वर्णनासाठी दोन चौकटी होत्या: "वाजते" आणि "वाजत नाही". गेजसाहेब कितीतरी वेळ त्या दोन चौकटींकडे बघत राहिले. त्यांचे वाद्य वाजत होते. फक्त जे वाजायला हवे ते वाजत नव्हते. एवढी साधी गोष्ट दोन चौकटींत बसवू न शकणारी ही कसली दिवाळखोर पद्धत, असे दुकानात ठणकावून त्यांनी पट्टी लावून तिसरी चौकट आखली आणि तिच्यात बारीक अक्षरात खुलासा लिहिला. पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा होता: "अर्जात खाडाखोड. स्वीकारता येत नाही." हा शेरा त्यांनी स्वतः किमान दोनशे कागदांवर मारला होता, तो इतका झोंबतो हे त्यांना कोणी कळवले नव्हते.

दुसरा माउथ ऑर्गन त्यांनी पदरमोड करून आणला, झटापट पुन्हा सुरू झाली, आणि वाफाऱ्याचे यंत्र पाठवणाऱ्या त्याच काकूंनी लेखी तक्रार केली. दमा असता तर त्यांनी सोसला असता, असे त्यांनी तक्रारीत मोठ्या मनाने नमूद केले होते.

रविवारी सकाळी इमारतीच्या खाली, गाड्या बाजूला काढून, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. एरवी सभेला नऊ माणसे येत. आज खुर्च्या पुरेनात. सौ. शेवटच्या रांगेत बसल्या. सेक्रेटरींनी नियमावली उघडली.

"नियम सतरा, पोटनियम दोन. अर्जदाराबरोबर संगीताची जाण असलेली सक्षम व्यक्ती हवी. आहे का?"

"मी आहे," साहेबांनी सोबत आणलेला क्रेनवाला उठला.

"सक्षम असल्याचा कागद?"

हा पोटनियमही साहेबांचाच. कागद असणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण क्रेनवाल्याने शांतपणे शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक पिवळा कागद काढला. "हा घ्या. मी कामाच्या जागी माउथ ऑर्गन वाजवतो, असं खुद्द तपासणी अधिकाऱ्यानं लिहून दिलंय. सही आहे, शिक्का आहे."

शिक्का गोल होता. गोल शिक्क्यापुढे सेक्रेटरींचे काही चालत नसे. त्यांनी कागद सभेला वाचून दाखवला. "कर्कश, हेतुशून्य व पुनरावर्ती ध्वनी" येथपर्यंत आले, अडखळले, खालची सही वाचली, आणि गेजसाहेबांकडे पाहिले. मागून कोणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू खुर्च्याखुर्च्यांतून पसरत गेले. गेजसाहेबांचे नाक लाल झाले.

"वाजवा," सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांनी सरळ सूर वाजवले. बिनचूक. मग तिसरे भोक ओढले. सूर गजासारखा निघाला.

"हेच! हेच ते!" काकू उसळल्या. "रोज सकाळी एक तास. कुणीतरी गंजलेलं दार उघडतंय आणि आत यायचं मात्र नाव नाही!"

पुन्हा हशा. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी परत ओढला. तसाच.

"कणा, कणा!" बँक मॅनेजर म्हणाले.

"साहेब, राग मानू नका," सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले, "पण चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची, आणि स्वतःला एक भोक धड वाजवता येऊ नये, म्हणजे..."

गेजसाहेबांची मान लाल झाली. खोट! याच माणसाच्या दारासमोरचा जिना निसरडा होता तेव्हा कठडा कोणी मोजून बसवून दिला होता? याची नियमावली कोणी लिहिली होती, अकरा दिवस, तीन परिशिष्टांसह? उत्तर तयार होते. चांगले चार परिच्छेदांचे होते. ते देण्यासाठी साहेबांनी बेंबीच्या देठापासून श्वास घ्यायला सुरुवात केली. माउथ ऑर्गन अजून ओठांवरच होता.

"नियम सतरा, पोटनियम चार!" सेक्रेटरींनी बोट वर केले. "प्रात्यक्षिकाच्या वेळी अर्जदारास बोलता येणार नाही!"

अर्जदार फार खुलासे करत बसतात, म्हणून हा पोटनियम साहेबांनी मुद्दाम घातला होता. स्वतःचा नियम स्वतः मोडणे त्यांच्या रक्तात नव्हते. श्वास आत येत होता, चारही परिच्छेद घशाशी येऊन ठेपले होते, आणि तोंड उघडायला बंदी होती. जीभ आपोआप मागे हटली, खाली दबली, आणि तिच्यावर ते सगळे उत्तर येऊन अडकले.

तिसऱ्या भोकाचा सूर सरळ निघाला. मग गुडघ्यात मोडला. वाकत वाकत खाली आला, दोन खुणांच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत थरथरत उभा राहिला, आणि पडला नाही.

कोणी हसले नाही. क्रेनवाल्याने मान वर करून छताकडे, जिथे क्रेन असायला हवी होती तिथे, पाहिले आणि हळूच म्हणाला, "जातो, साहेब. पास."

काकू म्हणाल्या, "असं होतं होय ते? मग इतके दिवस हे का नाही वाजवलंत?" त्यांच्या आवाजात तक्रारच होती, पण ती वेगळी होती. साहेबांना उत्तर देता आले नाही. पोटनियम चार अजून लागू होता.

ठराव मंजूर झाला: रोज सकाळी साडेदहा ते अकरा, खिडक्या लावून. सेक्रेटरींनी हस्तांदोलन केले. बँक मॅनेजरांनी कण्याचे श्रेय घेतले.

सोमवारी साडेदहाला गेजसाहेब खिडकी लावून बसले, वही उघडली, तिसरे भोक ओढले. गज. मंगळवारी गज. बुधवारी त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने रागावण्याचा प्रयत्न केला. जुनी नोटीस काढून पुन्हा भिंतीवर लावली, मुद्दाम साडेतीन मिलिमीटर वाकडी. कंपनीचा शेरा वाचला. सेक्रेटरींचा चेहरा आठवला, पण सेक्रेटरी आता जिन्यात भेटले की "काय साहेब, रियाज कसा चाललाय?" असे प्रेमाने विचारीत. इमारतीतल्या लोकांनी चांगुलपणाने त्यांच्या सुराची माती केली होती. रागच येईना, याचा त्यांना भयंकर राग आला. पण तो बोलून टाकण्याजोगा असल्यामुळे उपयोगाचा नव्हता.

गुरुवारी ते माउथ ऑर्गन आणि काट्याचे यंत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. सौ. शेगडीवर दूध तापवत होत्या.

"अगं, मला जरा काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. लागेल असं. मी श्वास घेईन, पण उत्तर देणार नाही. प्रयोग आहे."

"मी? तुम्हाला बोलू?"

"हो. शांतपणे आठव. एखादा मुद्दा असेलच. छत्तीस वर्षांत एखादा तरी सापडेल."

सौ.नी चमचा खाली ठेवला. एखादा मुद्दा. त्यांनी नोटीस मोजणाऱ्या नवऱ्याकडे पाहिले, खणातली टोक मोडलेली कानस आठवली, आणि तिच्याही मागचे बरेच काही आठवले असावे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर एकेक वर्ष येऊन जाताना दिसले. त्यांनी सवयीप्रमाणे बोलण्यासाठी श्वास घ्यायला सुरुवात केली. मग थांबल्या.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या.

"अगं, त्याची पद्धत असते. तिसरं भोक, आणि जीभ..."

सौ.नी माउथ ऑर्गन त्यांच्या हातातून घेतला, पदराने पुसला, ओठांना लावला आणि नेहमीचा तो श्वास घेतला, जो आजवर त्या आत घेऊन जात असत.

सूर निघाला आणि वाकला. क्रेनवाल्याच्या सुराच्याही खाली गेला, तिथे थांबला, थरथरला, आणि तिथून आणखी खाली उतरला. काट्याच्या यंत्रावर खुणा होत्या तिथवर काटा गेला आणि मग कडेला टेकून तसाच राहिला. गेजसाहेबांचा पेन्सिल धरलेला हात हवेत थांबला होता. वही उघडी होती. नोंदवायला आकडा नव्हता.

सूर संपला. सौ.नी माउथ ऑर्गन पुन्हा पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"हा एक मुद्दा झाला," त्या म्हणाल्या. "आता सरका, दूध उतू जाईल."